गिऱ्हाईक मोबाईलवर डिझाइन घेऊन येतं तेव्हा

दुपारी तीनच्या सुमाराला एक मावशी दुकानाची पायरी चढून आल्या. पदरानं घाम पुसला, मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, “पोरानं रात्री बसून केलंय ताई. तेवढं छापून द्या की.” शेंगदाणा चटणीचं लेबल होतं. लालभडक मिरच्या, मागं पिवळ्या किरणांचं चक्र, मधोमध नाव. बघायला नीटनेटकं. माझ्याकडं शिकायला येणारी मुलगी शेजारच्या खुर्चीवरून आधी मोबाईलकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. मावशी गेल्यावर तिनं विचारलं, “मॅडम, सगळेच असं करायला लागले तर आपण काय करायचं?”

सोलापुरात ग्राफिक डिझाइनचं काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. तिला त्या दिवशी जे सांगितलं आणि पुढं वर्षभर करून दाखवलं, तेच इथं लिहिते. ज्यांचं छोटं दुकान आहे, जे घरून काम करतात, जे आत्ताच कोर्स संपवून बाहेर पडलेत, त्यांच्यासाठी.

मावशींच्या पोरानं वापरलं तशा तयार टेम्प्लेटचा, म्हणजे आधीच मांडून ठेवलेल्या डिझाइनच्या साच्याचा, धोका नाही असं मी म्हणणार नाही. धोका आहे. पण तो सगळ्या कामांना सारखा नाही. आपल्या कुठल्या कामाला तो किती आहे, हे ज्याचं त्यानं बिलबुक काढून बघावं लागतं.

बिलबुकापासून सुरुवात करा

मागच्या तीन महिन्यांची बिलं घेऊन बसा आणि प्रत्येक कामापुढं एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हे चुकलं असतं, तर गिऱ्हाइकाचं किती नुकसान झालं असतं? वाढदिवसाच्या शुभेच्छांची पोस्ट चुकली तर ती काढून दुसरी टाकतात, पाच मिनिटांचं काम. दोन हजार पाऊच चुकले तर पैसा गेला, सणाचा हंगाम गेला आणि दुकानदाराकडचा शब्दही गेला.

मी हे केलं तेव्हा ६१ कामांपैकी २४ पहिल्या प्रकारची निघाली. शुभेच्छा, सेलची पोस्ट, व्हॉट्सॲपचं स्टेटस, क्लासची जाहिरात. त्यांतून आलेले पैसे एकूण कमाईच्या पाचव्या हिश्श्याइतकेही नव्हते, आणि रात्री अकराचे फोन मात्र सगळे त्याच कामांचे. ती कामं मी सोडून दिली. आता तशी विचारणा आली की मी गिऱ्हाइकालाच टेम्प्लेट कसं वापरायचं ते दाखवते. यात हरल्यासारखं वाटून घेऊ नका. ज्या कामात आपली नजर, आपलं वाचन, आपला छापखान्याचा अनुभव लागतच नव्हता, ते काम आपल्याकडं होतं कारण सॉफ्टवेअर आपल्याकडं होतं.

आणि साचे काही आज आलेले नाहीत. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळात प्रत्येक छापखान्यात गणपतीचे, कलशाचे, सनई-चौघड्याचे तयार ठोकळे असायचे. लग्नपत्रिकेचे जाडजूड अल्बम घेऊन आपण आजही बसतो. त्यातलं कार्ड निवडायचं आणि फक्त मजकूर बदलायचा. मी कामाला लागले तेव्हा कोरलड्रॉच्या क्लिपआर्टच्या सीड्या होत्या, मग फोटो अल्बमच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या तयार फायली, भरलेल्या डीव्हीडी आल्या. तयार टेम्प्लेटं देणारं कॅनव्हा २०१३ साली सिडनीहून सुरू झालं. एवढ्या वर्षांत खरा बदल झाला तो हा, की साचा आपल्या कपाटातून गिऱ्हाइकाच्या खिशात गेला. तेव्हा साच्यावर रुसून उपयोग नाही. साच्याला जे माहीत नसतं, ते आपल्याला पक्कं माहीत हवं.

गिऱ्हाइकाचं डिझाइन हातात आलं की

पहिली गोष्ट, नावं ठेवू नका. कुणाच्या तरी मुलानं रात्र जागून ते केलेलं असतं. मी मावशींना म्हटलं, “चांगलं केलंय. छापण्याआधी मी एकदा नीट बघू का? उद्या सकाळी सांगते.” आणि तपासणीचे ४०० रुपये सांगितले. फुकट तपासून दिलं की ते काम आहे असं कुणालाच वाटत नाही. हे दुकानात पाटीवरच लिहून टाका.

मग मी ते लेबल कागदावर खऱ्या मापात छापून काढलं. हे अगदी मनावर घ्या: पडद्यावर तपासू नका. पाऊचवर चार इंचांत बसणारी गोष्ट मोबाईलवर बोटांनी मोठी करून बघितली की सगळंच वाचता येतं. चार इंचांचा कागद हातात धरल्यावर घटकपदार्थांची ओळ मला चष्मा लावूनही लागेना.

आधी अक्षरं बघायची. बहुतेक टेम्प्लेटं इंग्रजी मजकुरासाठी बांधलेली असतात. तिथं अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर ठेवलेलं असतं. इंग्रजीत ते छान दिसतं, देवनागरीत मात्र शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर शून्यावर आणा. ओळींमधली जागाही इंग्रजीच्या हिशेबानं असते, त्यामुळं वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. ती वाढवा. मग फॉन्ट. माझ्याकडं एक ओळ लिहून ठेवलेली आहे, नवा फॉन्ट आला की ती आधी टाइप करते:

वऱ्हाड, गिऱ्हाईक, दऱ्याखोऱ्या, ॲड., ॲग्रो, त्र्यंबक, लक्ष्मी, उद्घाटन, सौ. कां.

वऱ्हाडातला तो अर्धा र कित्येक फॉन्टांत रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘ॲ’ हे चिन्ह युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, म्हणून जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. वकिलांच्या व्हिजिटिंग कार्डावर हा चौकोन छापून गेलेला मी पाहिला आहे. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठीला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो. बऱ्याच फॉन्टांत आधी हिंदी वळण येतं, आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट आपोआप आपलं वळण देतात. सामान्य गिऱ्हाईक हे बोलून दाखवत नाही, पण त्याला पाटी परकी वाटते. मुक्ता, बलू, नोटो हे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात. तिथून सुरुवात करा. श्रीलिपीतला, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीतला, जुना मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर प्रत्येक शब्द डोळ्याखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडं होतात.

मग छपाई. गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, जानेवारीत, दुकानात फ्लेक्सची रीघ लागते. दरवर्षी कुणीतरी इन्स्टाग्रामच्या मापाचं चित्र घेऊन येतं आणि दहा फुटांचा फ्लेक्स मागतं. त्यांना असं समजावून सांगा: चित्रात रुंदीला १०८० ठिपके आहेत, दहा फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे एका इंचाला फक्त ९ ठिपके. फ्लेक्स लांबून बघतात हे खरं, म्हणून खऱ्या मापात इंचाला ७२ ठिपके असले तरी भागतं. पण नवात माणसाचं नाक आणि मिशी एक होतात. हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर गिऱ्हाइकासमोर करा. एकदा केला की तो माणूस पुढच्या वेळी आधी माप विचारतो.

छोट्या छपाईत उलटं. तिथं इंचाला ३०० ठिपके, कडेनं ३ मिलिमीटर जास्तीचा रंग आणि कापायच्या रेघेपासून मजकूर आत. रंग पडद्याच्या तीन दिव्यांचे असतात, छापखान्यात मात्र चार शाया: सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट येतो, पोपटी मळकट होतो. काळा मजकूर रंग बदलताना चारही शायांचा बनतो आणि बारीक अक्षरांना लाल-निळी सावली पडते. तो एकट्या काळ्यावर आणा. हळदीचा पिवळा हवा तर मी मजेंटा २० टक्के आणि पिवळा १०० टक्के धरते, कुंकवासाठी मजेंटा १०० आणि पिवळा १००. हे आकडे टेबलावर छापून चिकटवून ठेवा, प्रत्येक छापखान्याचा वेगळा कागद.

चटणीच्या लेबलात मला काय सापडलं

इथं जरा थांबून सविस्तर सांगते, कारण माझ्या कमाईचा मोठा भाग आता याच कामातून येतो.

लेबलावर कोपऱ्यात हिरवं पान होतं. मुलानं ते शाकाहाराची खूण समजून ठेवलं होतं. शाकाहारी खाद्यपदार्थाची खूण ठरलेली आहे: हिरव्या कडेचा चौकोन आणि त्यात भरीव हिरवा गोल. पान चालत नाही. बारकोड होता, पण शोभेचा, टेम्प्लेटबरोबर आलेला. खरा क्रमांक जीएस१ इंडियाकडून घ्यावा लागतो आणि तो ८९० नं सुरू होतो. शिवाय तो बारकोड लाल रंगात होता. दुकानातल्या यंत्राचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत. काळ्या रेघा, पांढरी जमीन आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा, एवढं पाळायचंच.

सगळा मजकूर फक्त मराठीत होता. हे वाचून मला बरं वाटलं, पण खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत असावीच लागते. मराठी तिच्या जोडीला घालता येते. अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक नव्हता. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात. यात मीठ पहिलं आणि शेंगदाणे तिसरे होते. शेंगदाणा हा ॲलर्जी देणारा पदार्थ, तेही वेगळं लिहावं लागतं. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, किती दिवसांत खावी, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, पोषणमूल्यं. या सगळ्याला टेम्प्लेटमध्ये जागाच ठेवलेली नव्हती, कारण ज्यानं ते बनवलं त्याच्यासमोर चटणी नव्हती, नुसता चौकोन होता.

आणि शेवटची गोष्ट मला मावशींना सांगताना वाईट वाटलं. तीच मिरची, तेच चक्र घेऊन दुसऱ्या गावचं एक लोणचं बाजारात होतं. मी फोटो दाखवला. कुणीच चोरी केली नव्हती. कॅनव्हासारख्या ठिकाणच्या तयार चित्रांचा परवाना सगळ्यांना सारखाच मिळतो, एकट्याला नाही. म्हणूनच तिथली चित्रं घेऊन बनवलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून आपल्या एकट्याच्या नावावर करता येत नाही. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज करायला एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात आणि नोंदणी १० वर्षं टिकते. चिन्ह आपलं स्वतःचं असेल, तर चटणीच्या धंद्याला हा खर्च परवडतो.

हे सगळं मी एका कागदावर लिहून दिलं. मावशींनी तो मुलाकडून वाचून घेतला आणि दोन दिवसांनी परत आल्या. “मग तुमीच करा,” म्हणाल्या.

घरी जाऊन बघा

लेबल करायच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. हे तुम्ही कराच. उखळात शेंगदाणे, लसूण, तिखट आणि जिरं कुटत होत्या. कुटता कुटता शेंगदाण्याला तेल सुटतं आणि चटणी गोळ्यासारखी होते. मिक्सरमधली कोरडी भुकटी तशी होत नाही. मी विचारलं, गिऱ्हाईक परत का येतं? त्या क्षणभर थांबल्या, मुसळ कडेला टेकवलं आणि म्हणाल्या, “चटणीला तेल दिसतं की.”

त्या एका वाक्यावर माझं लेबल उभं राहिलं. मिरचीचं चित्र काढून टाकलं. पाऊचवर उखळाच्या आकाराची पारदर्शक खिडकी ठेवली, म्हणजे आतली तेलकट, रवाळ चटणीच दिसते. नाव हातानं लिहिलं, ब्रशनं, चाळीस-पन्नास वेळा, आणि त्यातलं एक घेतलं. खिडकी सोडून बाकी भागावर रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर द्यायला छापखान्याला वेगळा लेअर करून दिला, नाहीतर पारदर्शक पाऊचवर आतली चटणी रंगांतून डोकावते आणि सगळं मळकट दिसतं. टेम्प्लेटमधून खिडकी कुठं कापायची हे निघालं नसतं. ते उखळाशेजारी बसल्यावर निघालं.

तुम्ही कुठंही असाल, गिऱ्हाइकाला तीन प्रश्न तरी विचारा: घेणारा माणूस कोण, तो कुठं उभा राहून हे बघणार, आणि तो परत का येतो. उत्तरं त्याच्याच शब्दांत वहीत लिहा.

लग्नपत्रिकेचं काम सोडू नका

मोबाईलवरच्या निमंत्रणांमुळं पत्रिका कमी छापतात, हे मीही बघते. तरी हे काम धरून ठेवा. सोलापुरात विणकामामुळं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली तेलुगूभाषक घरं पुष्कळ आहेत, कन्नडही आहेत. पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. तेलुगूला शिरोरेघ नाही, जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो, म्हणून तिला ओळींमध्ये जास्त जागा लागते. दोन्ही मजकूर एकाच मापात टाकले तर एक बाजू ओरडते आणि दुसरी पुटपुटते. दोन्ही छापून शेजारी ठेवा आणि लांबून सारखी दिसेपर्यंत माप बदला.

आणि माणसांची यादी! टेम्प्लेटमध्ये दोन नावं, एक तारीख, एक ठिकाण. आपल्याकडं वर कुलदैवत, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, चिरंजीव, चि. सौ. कां., मुहूर्ताची मिनिटं, प्रेषक, निमंत्रक, आजोळ, आणि कुणाचं नाव कुणाच्या वर यावरून घरात झालेली बोलणी. मी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला समोर बसवून नावं मोठ्यानं वाचून दाखवते आणि त्यांची सही घेते. मागं एकदा ही सही न घेता पत्रिका छापली, वारलेल्या आजोबांच्या नावामागं ‘कै.’ लावायचं राहून गेलं. त्या घरी जाऊन मी आजींची माफी मागितली आणि ५०० पत्रिका माझ्या पैशानं परत छापल्या. तेव्हापासून सहीशिवाय फाइल छापखान्यात जात नाही.

पैसे आणि कागद

दर लावताना ‘एका डिझाइनचे इतके’ हे सोडा. त्या तराजूत टेम्प्लेट नेहमी स्वस्तच पडणार. मी बिलात कामं वेगळी लिहिते: माहिती गोळा करणं, मजकूर तपासणं, अक्षरलेखन, छपाईची फाइल, छापखान्यात पहिला कागद बघायला जाणं. चटणीच्या लेबलाचे ९,००० रुपये घेतले, तीन हप्त्यांत. दोन वेळा बदल त्यात धरले, तिसऱ्यापासून वेगळे पैसे.

हक्कांचं लिहून द्या. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणं हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. मी साध्या मराठीत अर्ध्या पानाचा कागद करते: कुठली वस्तू, किती वर्षं, कुठं कुठं वापरायचं, आणि पैसे पूर्ण मिळाल्यावरच हक्क जातो हे. कुठले फॉन्ट वापरले आणि त्यांचा परवाना काय, हेही त्यातच.

आपले साचे आपण बनवा

हे सगळ्यात शेवटी शिकले आणि सगळ्यात उपयोगी पडलं. लेबल झाल्यावर मावशींच्या मुलाला मी १२ टेम्प्लेटांचा संच करून दिला. नवा माल आला, सणाची सवलत, गिऱ्हाइकाचा अभिप्राय, दुकानाचा पत्ता. रंग, नावाचं अक्षरलेखन आणि फॉन्ट जिथल्या तिथं बांधलेले. फोटो आणि दोन ओळी तेवढ्या बदलायच्या. मजकूर लांबला तर काय करायचं तेही लिहिलं: अक्षर बारीक करू नकोस, वाक्य कापायचं. त्याला दीड तास समोर बसवून शिकवलं. संचाचे ३,५०० रुपये झाले आणि दर सहा महिन्यांनी नवे चार साचे असं ठरलं.

असे संच आता मी एका दवाखान्याला, दोन शिकवणी वर्गांना आणि एका चादरीच्या दुकानाला करून दिले आहेत. रोजच्या पोस्ट ते स्वतः करतात आणि पुरवणी साच्यांचे पैसे मला ठरल्या वेळी मिळतात.

गेल्या महिन्यात मावशींचा मुलगा आला होता. जवसाची चटणी सुरू करतायत. मोबाईल पुढं धरून म्हणाला, “पोस्ट मी केलीय, बघा. लेबल तुमचंच.” पोस्टमध्ये एक अनुस्वार राहिला होता, तो मी दाखवला. लेबलासाठी रविवारी सकाळी त्यांच्याकडं जायचं ठरलंय, कुटायच्या वेळेला.